एक्स-रेच्या रजिस्टरात किरणांचा एक रकाना वाढवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे. डार्करूमच्या काळात किरण जास्त गेले की फिल्म काळीठिक्कर पडायची. डॉक्टर ती खिडकीशी धरायचे, मग माझ्याकडे बघायचे. तेवढं पुरे व्हायचं. पुढच्या पेशंटला एमएएस, म्हणजे किरण किती सोडायचे तो मशीनवरचा आकडा, आपोआप खाली यायचा.

डिजिटल मशीन आलं आणि ही बोलणी बंद झाली. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू सांडल्यासारखी दिसते आणि फोटो परत काढावा लागतो. दुप्पट पडले तर? कॉम्प्युटर सगळं जुळवून घेतो, चित्र उलट जास्तच स्वच्छ येतं. मग बाहेर रांग असताना माणूस दोन घरं वरच लावतो. मीही लावली आहेत.

छातीच्या एका फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट (अंगावर पडलेले किरण मोजायचं माप). निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी, जगाची सरासरी धरली तर, २.४ मिळतात. म्हणजे भिऊन कोणी फोटो टाळू नये. पण लहान पोरांचं तसं नाही. त्यांच्या पेशी नाजूक, पुढे आयुष्य लांब. बारीक अंगाच्या पोराला ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, लागतच नाही. ती काढली तर निम्म्या किंवा त्याहून कमी किरणांत काम होतं. तरी ती जागची हलत नाही, कारण काढली काय नि ठेवली काय, विचारणारं कोणी नाही.

आमच्या छातीवर किरण मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो ठरल्या वेळी तपासला जातो, आम्हाला वर्षाची मर्यादा आहे. पेशंटला मर्यादा नाही, आणि नसावीच. गरज असेल तर फोटो काढायलाच हवा. पण तो गरजेपुरत्याच किरणांत निघाला का, हे कोण बघतं? अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देतं, चाचणी मागतं. ती चाचणी मशीनची. बटण दाबणाऱ्या हाताची नाही.

खरं तर उत्तर समोरच्या स्क्रीनवर असतं. नव्या मशीनवर प्रत्येक फोटोसोबत डेव्हिएशन इंडेक्स येतो: शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. (काही जुन्या सीआर, म्हणजे कॅसेटवाल्या डिजिटल, मशीनवर गंमत अशी की आकडा उतरला म्हणजे डोस वाढला!) हा आकडा आमच्या रजिस्टरात कुठेच उतरत नाही.

त्याला एक रकाना द्या. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या रेडिओलॉजिस्टनं तो बघावा, चित्रं शेजारी ठेवून. आणि डॉक्टरांनाही सांगा: प्लास्टरमधलं हाड सरळ बसलंय का एवढंच बघायचं असेल, तर थोडी वाळू चालवून घ्या, पोराला पुन्हा टेबलावर झोपवू नका.

पुढची रजिस्टरं छापायला जाण्याआधी हे व्हावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन