आमच्यासाठी वेगळं दार उघडू नका : न्यायमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय न्यायमंत्री महोदय यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

आपली नेमणूक झाल्यापासून मंडळ्यामंडळ्यांतून, म्हणजे गावोगावच्या चर्चमधून, अभिनंदनाची पत्रं येत असतील. मंडळीच्या कमिटीवर बरीच वर्षं असल्यामुळे ही पत्रं कशी लिहिली जातात ते मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या परिच्छेदात देवाचे आभार, दुसऱ्यात आपल्यासाठी प्रार्थना, आणि तिसऱ्यात सहज सुचल्यासारखी कुणाची तरी बदली, कुणाची तरी अडकलेली फाइल, कुणाच्या तरी पुतण्यावरचा खटला. या पत्रात तो तिसरा परिच्छेद नाही. मागणी आहे, पण उलटी: आम्हाला, म्हणजे आपल्याच विश्वासाच्या लोकांना, आपल्या खात्याकडून जास्तीचं काहीही मिळू नये.

हा विनय नव्हे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांसाठी न्यायाचं वेगळं दार उघडलं की काय होतं, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गुन्हा केलेल्या धर्मसेवकाला राजाचं न्यायालय फाशी देऊ शकत नसे. त्याला चर्चच्या न्यायालयाकडे सोपवावं लागे, आणि तिथे देहदंड नव्हता. आता धर्मसेवक ओळखायचा कसा? वाचता येतं तो, असं ठरलं. मग वाचता येणारा कुणीही ही सवलत मागू लागला. वाचून दाखवायचा मजकूर बहुधा ठरलेलाच असे, बायबलमधल्या 51व्या स्तोत्राची सुरुवात. ज्याला तेवढी ओळ म्हणता आली त्याच्या गळ्याचा फास सुटला, आणि तोच गुन्हा केलेला अडाणी माणूस लटकला. एकच माणूस पुन्हापुन्हा सुटू नये म्हणून 1489 च्या कायद्याने अंगठ्यावर डाग द्यायला सुरुवात झाली, पण सवलत पुरती रद्द व्हायला 1827 साल उजाडलं.

आता ते स्तोत्र कुणाचं आहे ते पाहा. त्याच्या मथळ्यात लिहिलं आहे की नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. दावीदाने आपल्या एका शिपायाची बायको घेतली होती आणि त्या शिपायाला मारवलं होतं. नाथानाने राजाला गोष्ट सांगितली, एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची. राजाने संतापून त्या अनोळखी श्रीमंताला मरणदंड सुनावला, आणि मग कळलं की आरोपी स्वतःच आहोत. राजा म्हणून सुटका नाही, देवाचा लाडका म्हणूनही नाही. हे ज्या स्तोत्राने सांगितलं, तेच आम्ही सुटकेचा परवाना म्हणून वापरलं. याहून कडवट विनोद मला तरी सुचत नाही.

आणि हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. 2002 मध्ये बोस्टनच्या महाधर्मप्रांताबद्दल वर्तमानपत्रांतून जे उघड झालं ते आपल्याला ठाऊक आहेच. लहान मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी असलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवलं गेलं होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलना पद सोडावं लागलं. अशा प्रकरणांत मंडळीच्या बाजूने नेहमी एक वचन पुढे केलं जातं: वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, 1 तीमथ्य 5:19. वचन खरं आहे. फक्त वाचणारे तिथेच थांबतात. पुढच्याच ओळीत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की जे पाप करत राहतात त्यांचा सर्वांदेखत निषेध कर, आणि त्यापुढे देवाला, ख्रिस्ताला आणि देवदूतांना साक्षीला बोलावून बजावतो की कोणतीही गोष्ट पक्षपाताने करू नकोस. देवदूतांना साक्ष ठेवावीशी वाटली, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांबाबत हा मोह किती बळकट असतो हे त्याला पुरतं माहीत असणार. तेव्हा एखाद्या पाळकाविरुद्धची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूविरुद्धची, तक्रार आपल्या खात्याकडे आली आणि पाठोपाठ आमच्यापैकी कुणी ‘मंडळीची बदनामी होईल’ असं सांगायला आलं, तर त्याला बसायला सांगू नका. तक्रार करणाऱ्या मुलीचं म्हणणं आधी नोंदवून घ्या.

आपल्याला बरेच लोक बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय भेट देतील. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यांतला गरीब, कुणाला कुठे बसवलं ते. तो अध्याय हवाच. पण मंत्र्याच्या टेबलावर मी त्याआधी निर्गम या पुस्तकाचा 23वा अध्याय ठेवीन, पहिल्या नऊ ओळी. दुसरी ओळ म्हणते, बहुजनांच्या मागे लागून न्याय विपरीत करू नको. तिसरी म्हणते, गरीब आहे म्हणून वादात त्याची बाजू घेऊ नको. सहावी म्हणते, गरिबाचा न्याय बुडवू नको. आठवीत लाच आहे, नववीत परका. गरिबाची बाजू घेऊ नको हे ऐकून आपल्याला अवघडल्यासारखं होतं, कारण ख्रिस्ती मन दयेकडे झुकतं आणि तसं झुकावंही. पण न्यायासनावर दया जर चेहरा पाहून येऊ लागली, तर उद्या ती ओळखीच्या चेहऱ्याकडेच वळेल. गरिबाला त्याचा हक्क मिळणं ही एक गोष्ट, आणि तो गरीब आहे म्हणून समोरच्याचं म्हणणंच न ऐकणं ही दुसरी.

मला सर्वांत विलक्षण वाटतात त्या मधल्या दोन ओळी, चौथी आणि पाचवी. न्यायालयाचे नियम चालू असताना मध्येच वैऱ्याचा बैल येतो. तो भटकताना दिसला तर परत नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर मदत कर. पंडित म्हणतील इथे विषय बदलला. मला तसं वाटत नाही. जो रस्त्यावर वैऱ्याचं गाढव उठवू शकत नाही, तो दालनात वैऱ्याची फाइल काय उघडणार? आपल्याविरुद्ध प्रचार केलेल्या माणसाचा अर्ज उद्या आपल्याकडे येईल. इतर धर्मीयांचे, कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचे आणि आम्हाला उघड शिव्या देणाऱ्यांचेही येतील. आपण ख्रिस्ती आहात हे लोकांना कळायचं असेल तर ते या अर्जांच्या निकालांतून कळो.

एका न्यायाधीशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. 17व्या शतकातल्या इंग्लंडचा मॅथ्यू हेल हा अतिशय भाविक माणूस होता, 1671 मध्ये तो सरन्यायाधीश झाला. न्याय करताना काय लक्षात ठेवायचं याची एक यादी त्याने स्वतःसाठी लिहून ठेवली होती. गरिबाच्या करुणेने किंवा श्रीमंताच्या मर्जीने आपण झुकू नये हे त्यात होतं, आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत बनवू नये हेही. त्याचा चरित्रकार सांगतो की एका पक्षकाराने त्याच्याकडे हरणाचं मांस पाठवलं होतं. खटला पुढे आला तेव्हा, त्या मांसाचे पैसे चुकते केल्याशिवाय सुनावणी होणार नाही, असं हेलने सांगितलं. पक्षकाराला ते इतकं लागलं की त्याने खटलाच मागे घेतला. इथे थांबलो असतो तर गोष्ट आपल्याला भेट द्यायला छान होती.

पण याच हेलपुढे 1662 मध्ये बरी सेंट एडमंड्स इथे दोन म्हाताऱ्या विधवांवर चेटकाचा खटला चालला. त्यांचा स्पर्श झाला की मुलींना झटके येतात, असा दावा होता. न्यायालयातल्या काही प्रतिष्ठितांनी परीक्षा घेतली. एका मुलीचे डोळे झाकून दुसऱ्याच बाईचा हात लावला, तरी झटका तसाच आला. हे सगळं ढोंग आहे, असं त्यांनी सांगितलं. हेलने मात्र ज्यूरीला पुराव्याचा गोषवारा दिला नाही. कारण काय, तर आपल्या सांगण्याने एखाद्या बाजूवर अन्याय होऊ नये! चेटकिणी असतात याला शास्त्राचा आधार आहे, एवढं मात्र त्याने सांगितलं. दोघींना फाशी झाली.

लाच न घेणारा, यादी लिहिणारा, प्रार्थना करणारा माणूस. त्याला श्रीमंताची मर्जी हलवू शकली नाही, पण सगळ्यांना जे आधीच ठाऊक होतं त्याने हलवलं, आणि त्याच्या गप्प राहण्याला निःपक्षपातीपणा म्हटलं गेलं. समोर पुरावा उघडा पडला असताना ‘मी कुणाचीच बाजू घेत नाही’ म्हणणं म्हणजे बलवानाची बाजू घेणंच आहे. येशूला क्रुसावर द्यायला सोपवताना पिलात या सुभेदारानेही हात धुवायला पाणी मागवलं होतं. आपल्याकडून लाच घेतली जाईल अशी भीती मला नाही. भीती आहे ती अशा सभ्य गप्प राहण्याची.

आम्हा ख्रिस्ती लोकांना यासाठी एक सोयीचं वचनही पाठ असतं, ‘न्याय करू नका’. पर्वतावरच्या प्रवचनात ते आहे, पण तिथे प्रभू आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगतो ते पुढे भावाच्या डोळ्यातलं कुसळ नीट दिसावं म्हणून. योहानाच्या 7व्या अध्यायात तर तो स्पष्टच सांगतो की वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. त्याच अध्यायात निकदेम परूशांच्या, म्हणजे कर्मठ यहूदी पुढाऱ्यांच्या, सभेत येशूबद्दल एकटा विचारतो की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपला कायदा त्याला दोषी ठरवतो काय? सभेने त्याला टोमणा मारून बसवलं. आपल्या खात्यात असा प्रश्न विचारणारा एखादा कनिष्ठ अधिकारी असेलच, त्याला शोधून जवळ ठेवा.

करण्यासारख्या तीनचार गोष्टी सुचवतो. कोणत्याही मंडळीकडून, बिशपकडून, पाळकाकडून आलेलं शिफारसपत्र त्या प्रकरणाच्या फाइलमध्ये उघड लावावं, म्हणजे समोरच्या पक्षालाही ते वाचता येईल. शिफारसपत्रांचा ओघ मग आपोआप आटेल, ही माझी खात्री. मंडळ्यांच्या आपसातल्या वादांत, विशेषतः मालमत्तेच्या, दोन्ही गट ‘आपले’ म्हणून येतील. असा वाद आपण ज्या मंडळीत उपासनेला जाता तिथला असेल तर बाजूला व्हा आणि तो दुसऱ्याकडे सोपवा. प्राचीन चर्चचा थोर धर्मपंडित, हिप्पोचा ऑगस्टीन, बिशप असताना लोकांचे तंटे ऐकायला बसे. तो म्हणे की मित्रांपेक्षा अनोळखी लोकांचा तंटा सोडवणं बरं: अनोळखी दोघांतला एक तरी मित्र होतो, मित्र दोघांतला एक मात्र जातो. आपल्या बाबतीत तर दोघंही जातील आणि वर खात्याची लाजही.

दयेचे अर्ज आले तर एकदा एवढं पाहा की मंजूर झालेल्यांत ओळखीचे किती आणि बिनओळखीचे किती. बायबलमधल्या ईयोबाने आपला जुना हिशेब मांडताना म्हटलं होतं की ज्याला मी ओळखतही नव्हतो त्याच्या दाव्याचा मी शोध घेतला. खात्याच्या वार्षिक अहवालात असा एक रकाना असता तर बरं झालं असतं.

राहता राहिला रविवारचा प्रश्न. तिसऱ्या शतकात सिरियातल्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या एका नियमग्रंथात बिशपला सांगितलं आहे की भरल्या सभेत एखादा गरीब म्हातारा आला आणि जागा नसली, तर तू स्वतः जमिनीवर बस, पण त्याला जागा दे. आमच्या कमिटीने येत्या आभारप्रदर्शनाच्या उपासनेत आपल्यासाठी पहिल्या रांगेपुढे वेगळी खुर्ची मांडायचं ठरवलं आहे. मी विरोधात मत दिलं, पण ठराव मंजूर झाला. आपण सचिवांना दोन ओळी लिहून ती खुर्ची नको म्हणून कळवावं. कार्यक्रमपत्रिका अजून छापायला गेलेली नाही.

ख्रिस्तात आपला,
मंडळीच्या कमिटीतला एक सभासद