दम राखायला शिकवणाऱ्या वहिनीस

प्रिय वहिनी,

तुझे आभार मानायचे राहून गेलेत. फोनवर विषय निघाला की तू "काय गं, घरातल्या घरात आभार कसले" म्हणून तो बाजूला सारतेस. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुसरंही कारण आहे. ‘निओ २’ हा व्हिडिओ गेम हौसेने घेऊन पहिल्याच बॉसपाशी, म्हणजे मिशनच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी, सोडून दिलेली कितीतरी मंडळी मला भेटतात. हा गेम अन्याय करतो, असं त्यांचं म्हणणं असतं. तू मला ज्या पद्धतीने शिकवलंस ती त्यांच्यापर्यंत पोचली, तर त्यांतले काही जण परत कंट्रोलर हातात घेतील, असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२० मध्ये टीम निंजाचा हा गेम प्लेस्टेशन ४ वर आला आणि त्याच महिन्यात आपण सगळे घरात अडकलो. तू तो आधीच डाउनलोड करून ठेवला होतास. मी बसले ती गोष्टीसाठी. सोळाव्या शतकातलं, आपापसातल्या लढायांनी पोळलेलं जपान, ओदा नोबुनागा या सरदाराचा वाढता दबदबा, आणि त्या सगळ्यात अर्धी माणूस नि अर्धी योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली राक्षसी, असलेली आपली हिदे, आपण खेळतो ते पात्र. गोष्ट मला आजही आवडते. पण गोष्ट पुढे सरकायची तर लढावं लागतं, आणि ‘निओ’ची लढाई इतर गेममधल्या सवयींवर चालत नाही.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक शस्त्र तीन स्टॅन्समध्ये, म्हणजे पवित्र्यांत, धरता येतं. वरच्या स्टॅन्समध्ये घाव जबरदस्त बसतो पण ताकद भराभर खर्च होते, मधल्यात वार अडवणं सोपं जातं, खालच्यात हात झपाझप चालतो आणि निसटता येतं. कंट्रोलरवरचं आर वन दाबून त्रिकोण, चौकोन किंवा फुलीचं बटण, की स्टॅन्स बदलला. हे जे खर्च होतं त्याला गेममध्ये ‘की’ म्हणतात. त्याची वेगळी पट्टी असते. आपण घरात तिला दमच म्हणायचो. मारलं की दम जातो, अडवलं की जातो, उडी मारून बाजूला झालं तरी जातो. पट्टी पूर्ण रिकामी झाली की हिदे जागच्या जागी धापा टाकत उभी राहते आणि समोरचा येऊन मारतो. पण वार केल्यावर अंगाभोवती निळसर प्रकाश गोळा होतो, तो नेमका जमून येतो त्या क्षणी आर वन दाबलं तर गेलेल्या दमातला बराचसा परत मिळतो. ही ‘की पल्स’. सगळा गेम या एका बटणावर उभा आहे, आणि ते बटण विसरून खेळणाऱ्याला पुढची वाट नाही.

माहिती एवढीच. ती गेमही सांगतो, व्हिडिओही सांगतात. तू जे दिलंस ते माहितीच्या पुढचं होतं.

तू शाळेत, कॉलेजात कबड्डी खेळलीस, आणि चढाईची ती शिस्त तू या गेममध्ये जशीच्या तशी आणलीस. चढाईला गेलेल्याने समोरच्या अंगणात कितीही आत शिरावं, पण मध्यरेषेपर्यंत परत येण्याइतका दम शिल्लक ठेवूनच. दोन गडी बाद केले आणि परतताना दम तुटला तर त्या चढाईचा उपयोग काय, असं तू म्हणायचीस. ते ऐकल्यावर मला ‘निओ’च्या पट्टीकडे बघायची नजर मिळाली. तोवर मी भरलेली पट्टी म्हणजे करता येतील तेवढे वार, असा हिशेब करत होते. तू त्यातून परतीचा भाग आधी वजा करायला लावलास. एका उडीपुरता दम कायम राखीव. उरेल त्यात काय मारायचं ते मार.

मग ते तुझं "मार, मार, दम". चौकोन, चौकोन, आर वन. पहिल्या मिशनमधलं ते शापित फुलांचं गाव, तिथले गाकी नावाचे लहानखुरे राक्षस, आणि शेजारी बसून टाळी न वाजवता नुसत्या आवाजात ठेका देणारी तू. देवळीपाशी प्रार्थना केली की मेलेले सगळे शत्रू परत उभे राहतात. अनेकांना त्याचा वैताग येतो. तू त्यालाच तालीमखाना केलंस. त्याच वाटेवरचा तोच गाकी, तोच कोपरा, पुन्हा पुन्हा. भाला सोडून दुसरं शस्त्र उचलायचं नाही, मधला स्टॅन्स सोडायचा नाही, इन्व्हेंटरीत ढिगाने पडलेल्या चिलखतांकडे बघायचंही नाही. गेम पहिल्या तासातच इतक्या गोष्टी समोर टाकतो की शिकणारा गांगरतो. माझ्या मते नवख्यांना सर्वांत जास्त त्रास कुठल्याही राक्षसाचा होत नाही, तो या पसाऱ्याचा होतो. तू तो पसारा माझ्यापासून लांब ठेवलास. किती दिवस, ते मी मोजलं नाही, पण एका संध्याकाळी तू ठेका द्यायचं थांबवलंस आणि माझं बोट आपोआप आर वनवर गेलं. तू काहीच बोलली नाहीस, फक्त पुढच्या दाराकडे बोट दाखवलंस.

पण माझ्या मनात सर्वांत खोल रुजला तो तुझा प्रश्न. मी मेले की तू विचारायचीस, "दम कुठे संपला?" कशाने मेलीस, हे तू कधी विचारलं नाहीस, ते तर पडद्यावर दिसतच होतं. मेझुकीने ते भलंमोठं पातं फिरवलं आणि मी गेले. घोड्याच्या तोंडाचा हा पहिला बॉस आणि त्याच गावात वाट अडवून असलेला बैलमुखी गोझुकी, हे दोघे बौद्ध परंपरेतले नरकाचे पहारेकरी. त्यांच्या हातून मरण्यात आश्चर्य काहीच नाही. तू मला घावाच्या आधी मागे न्यायचीस. घाव बसला तेव्हा उडी का मारली नाहीस? दम नव्हता. का नव्हता? आधी तिसरा वार केला. तिसरा का केलास? तो डगमगला असं वाटलं. म्हणजे मी मेले त्या तिसऱ्या वारापाशी; मेझुकीचं पातं नंतर आलं. एकदा हे दिसलं की अन्याय वगैरे काही राहत नाही. प्रत्येक मरणाला एक जागा असते आणि ती जागा आपल्याच हातात असते. हे मी कुठल्याही गाइडमध्ये इतकं स्वच्छ वाचलेलं नाही.

त्याच प्रश्नाची दुसरी बाजूही तूच दाखवलीस: समोरच्याचा दम कुठे संपतो? योकाईंनाही पट्टी असते. ती रिकामी झाली की एरवी घाव अंगावर घेऊन पुढे येणारं धूड प्रत्येक फटक्याला मागे झोकांडतं. तोवर त्याच्या रक्ताकडे बघू नकोस, असं तू म्हणायचीस, आधी त्याचा दम काढ. आणि तो क्षण आला की वरचा स्टॅन्स. आर वन, त्रिकोण. पल्स मारताना त्याच झटक्यात स्टॅन्स बदलला तर आणखी दम मिळतो, ‘फ्लक्स’ म्हणतात ते. हे मला तू मेझुकी हरल्यानंतर सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर माझी सगळी घडी विस्कटली असती. काय कधी सांगायचं नाही, हे तुला इतकं कळतं याचं मला अजून नवल वाटतं.

लाल झळाळीचं शिक्षण तर वेगळंच होतं. शत्रू लाल प्रकाशाने पेटून उठतो तेव्हा त्याचा सर्वांत घातक वार येत असतो, आणि त्याच वेळी आर टू नि गोल दाबून बर्स्ट काउंटर, म्हणजे उलटवार, करता येतो. निवडलेल्या रक्षक आत्म्याप्रमाणे त्याची रीत बदलते: ब्रूट अंगावर धावून आघात करतो, फेरल सपकन सरकून वारातून निघून जातो, फँटम वार अंगावर झेलून परतवतो. काउंटर बसला की समोरच्याचा दम एका झटक्यात घसरतो. तू मला सांगितलंस, आजची पूर्ण संध्याकाळ मारायचंच नाही. भाला खाली. फक्त त्याच्यासमोर उभं राहायचं, निसटायचं, आणि लाल दिसलं की काउंटर. मारायची मुभा काढून घेतल्यावर मला पहिल्यांदा शत्रू नीट दिसला. त्याचा खांदा कधी उचलला जातो, पाऊल कुठे पडतं, हुलकावणी कुठली आणि खरी चाल कुठली. मारण्याच्या घाईत यातलं काहीच दिसलेलं नव्हतं.

पुढच्या मिशनमधला एनेन्रा आठवतो? धूर आणि ज्वाळांचा तो योकाई. तोरियामा सेकिएन या अठराव्या शतकातल्या चित्रकाराने धुरातून आकार घेणारा हा जीव रेखाटला होता, हे तूच मला सांगितलंस. गेममध्ये मात्र तो धुराचा भोवरा होऊन अंगावर येतो आणि श्वास घ्यायला फुरसत देत नाही. तिथे मी निळ्या थडग्यापाशी घुटमळत होते. दुसऱ्या खेळाडूंनी आपली निळी थडगी ठेवलेली असतात, त्यांना ओचोकोचा प्याला दिला की त्यांचं पात्र आपल्या बाजूने लढायला उठतं. मला वाटत होतं, मदत घेतली तर जिंकणं खरं धरायचं का. तू म्हणालीस, "कुणीतरी आपल्यासाठी ठेवलीय ना मदत, मग घे. फक्त तो लढताना तू बघ." मी बघितलं. ते अनोळखी पात्र खालच्या स्टॅन्समध्ये एनेन्राच्या कुशीत शिरून दोन वार करायचं आणि तिसरा न करता बाहेर पडायचं. कुणा खेळाडूचं ते होतं, मला माहीत नाही. थोडे आभार त्यालाही. पुढे मी एनेन्राला एकटीने हरवलं तेव्हा त्याच्या वारांच्या प्रत्येक साखळीनंतरची ती एक छोटी फट मला ओळखीची झाली होती.

आणि एक गोष्ट तू केली नाहीस, तिचे आभार सर्वांत जास्त. एवढ्या काळात एकदाही तू माझ्या हातातून कंट्रोलर घेतला नाहीस. तुला तो बॉस दोन मिनिटांत हरवता आला असता. दादा एकदा म्हणालाही, "अगं, दे ना तिला करून, स्वयंपाकाची वेळ झाली." तू उठलीस, कुकर लावून आलीस आणि परत शेजारी बसलीस. पातळी वाढवून देणं, भारी शस्त्र काढून देणं, सगळं तुला शक्य होतं. यश मला ताटात वाढून मिळालं असतं, आणि ते माझं नसतं. शिकवणाऱ्याने हात आवरून बसणं किती कठीण आहे, ते मला आता कळतं, कारण धाकट्या मावसभावाला शिकवताना माझे हात सारखे पुढे जातात. तेव्हा मी तुझी आठवण काढते आणि हाताची घडी घालते.

ज्यांनी हा गेम सोडून दिलाय त्यांना मी वहिनीच्या वतीने एवढंच सुचवेन: पहिल्या मिशनमध्ये परत जा, एक शस्त्र धरा, आणि मेलात की रक्ताची पट्टी सोडून दमाची पट्टी आठवा. तिसरा वार कुठे झाला ते सापडेल.

वहिनी, तुम्ही दोघं बंगळुरूला गेल्यापासून मी स्विचग्लेव्ह हातात घेतलीय, तुझं आवडतं शस्त्र. वरच्या स्टॅन्समध्ये तिचा भलाथोरला विळा होतो आणि खालच्यात आटोपशीर पातं, हे बघायला अजूनही मजा येते. पण विळ्यावरून पात्यावर येताना माझा फ्लक्स अर्ध्या वेळा चुकतो. पल्स लवकर पडते की बोट उशिरा सरकतं, ते एकटीला पकडता येत नाही. दिवाळीला याल तेव्हा एक संध्याकाळ माझ्यासाठी ठेव. योकाईंच्या काळोख्या प्रदेशातच बसू, तिथे दम सावकाश भरतो, त्यामुळे चूक लगेच दिसेल. दादाला सांग, स्वयंपाक त्या दिवशी त्याने करायचा.

तुझी,
नणंद