शंभराच्या आतल्या शाळा

देवगड

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं, बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. आता कामाचं, आणि जरा सविस्तर.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं तू वाचली असशीलच. पट 100 किंवा त्याहून जास्त असेल तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. निकाल मोलाचा आहे. पण आमच्याकडे वाड्या-वाड्यांतल्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. त्यांनी बाहेरचा तज्ज्ञ शोधायचा म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. एसटी बदलत, घरच्यांची दिवसाची मजुरी बुडवून, तेही ‘पोराला झालंय काय?’ याचं उत्तर वाडीभर देत. कोण जाणार?

म्हणून आम्ही काही शिक्षक शालेय शिक्षण विभागाला निवेदन पाठवतोय. मुलांना विचारल्याशिवाय त्यात एक ओळ लिहायची नाही, हा माझा हट्ट. नववी-दहावीच्या पोरांना कोरे कागद दिले, नाव घालू नका म्हटलं. तरी एकाने मागे येऊन हळूच सांगितलं, “सर, घराक सांगू नकात हां.” आई-बाप मुंबईला आणि आपण आजीकडे, तिला काय काय सांगायचं, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. एका मुलीचा कागद तर मी पुन्हा पुन्हा वाचतोय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिला पाठ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, हेही ठाऊक आहे. पण घरात फोन एकच, तो काकाच्या खिशात, आणि रेंज मिळते ती पडवीच्या टोकाला, जिथे सगळे बसलेले असतात.

त्यामुळे निवेदनातली पहिली मागणी अगदी साधी आहे: प्रत्येक शाळेत दार लावता येईल अशी एक खोली आणि तिथे एक फोन. दुसरी, चार-पाच लहान शाळांना मिळून एक फिरता समुपदेशक, ठरलेल्या वारी आणि शाळेच्या वेळेतच. शाळा सुटल्यावर मुलं एसटी पकडायला धावतात. शिक्षकालाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक करायला मात्र माझा ठाम विरोध आहे. जो गुण देतो, त्याच्यापुढे मूल मोकळं कसं होणार?

तुझी मदत हवी ती कायद्याच्या बाजूने. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 18 मध्ये सेवा परवडणारी हवी तशीच अंतराच्या दृष्टीनेही आवाक्यातली हवी, असं म्हटलंय ना? आमचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे, तेव्हा ती भाषा तू नीट बसवून दे. मुलांचे कागद जोडायचेत, पण गाव लहान, अक्षरावरूनही पोर ओळखू येतं. टाइप करून, वाडीची नावं गाळून जोडले तर पुरेल का, की आणखी काही काळजी घ्यायला हवी?

मसुदा सोबत आहे. लाल शाईने हवं तेवढं खोड. चतुर्थीला येशील तेव्हा निवांत बोलूच, पण त्याआधी हे मंत्रालयात पोचायला हवं.

तुझा,
दिगंबर