नगरसेवक झालेल्या वकिलाचे वकीलपत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालिकेच्या निवडणुका आल्या, की खानदेशात फलकांवर नावाआधी ‘ॲड.’ लावलेले उमेदवार वाढतात. त्यात गैर काही नाही. जळगावच्या न्यायालयात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून विधानसभेवर गेल्या आणि पुढे एदलाबादमधून (आताचे मुक्ताईनगर) चार वेळा निवडून आल्या. पण ती वाट थेट विधानसभेची. नगरपरिषदेतून वर चढणाऱ्या वकिलाच्या वाटेत एक खड्डा आहे, तो आमदाराला लागत नाही.

आमदार हा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, म्हणून पगारी नोकरीतल्या वकिलाला वकिली करू न देणारा बार कौन्सिलचा नियम 49 त्याला लागू होत नाही आणि तो वकिली करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले. नगरसेवकाचे तसे नाही. वकिली त्यालाही बंद नाही. पण 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम 44 सांगते, की परिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध असलेल्या प्रकरणात व्यवसाय म्हणून गुंतलेला सदस्य अपात्र ठरतो. बाजूनेसुद्धा, हे पुष्कळांना माहीत नसते. आपल्या पक्षकाराचा विषय सभेत आला आणि त्याच्या बाजूने हात वर केला, तरी हेच कलम. निर्णय जिल्हाधिकारी देतात आणि तो होईपर्यंत सदस्य पदावर राहतो, त्यामुळे धोका लगेच जाणवत नाही. (जळगाव आणि धुळे 2003 पासून महानगरपालिका आहेत; तिथे 1949 चा कायदा, त्यातली कलमे वेगळी वाचावीत.)

खरी गफलत वकीलपत्राची, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्राची. ‘मी आता त्या केसमध्ये उभा राहत नाही’ एवढ्याने ते संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 प्रमाणे न्यायालयाची परवानगी घेऊन लेखी अर्ज दाखल होईपर्यंत ते चालूच असते. घरपट्टी, अतिक्रमण, गाळ्यांचे भाडे असे जुने दावे हुडकून प्रत्येकात स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. ज्युनिअर तारखेला गेला आणि फी आपल्याच ऑफिसात आली, तर गुंतलेपणा सुटला असे म्हणता येणार नाही. शिवाय निवडणुकीचा निकाल लागून आठ दिवस होत नाहीत तोच प्रभागातला कोणी नोटीस घेऊन दारात येतो, ‘वकीलसाहेब, एवढं उत्तर लिहून द्या.’ लेटरहेडवर लिहून दिलेले उत्तर उद्या दाव्यात विरोधकाच्या हाती पडते. अशा माणसाला दुसऱ्या वकिलाकडे पाठवावे आणि सभेत तो विषय निघाला तर बाहेर थांबून तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.

वकिलाचा सभागृहात उपयोग मोठा असतो, म्हणूनच हे लिहितो. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात 2019 साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. त्यात अनेक माजी नगरसेवक होते. निविदेच्या अटी मागवून वाचणारा आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय न हलणारा सदस्य प्रत्येक पालिकेला हवा.

उमेदवाराच्या शपथपत्रात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे असतात, पक्षकारांची प्रकरणे नसतात. तेव्हा उमेदवारांची ओळख छापताना आपल्या वार्ताहरांनी वकील उमेदवाराला एवढे विचारावे : पालिकेच्या किती प्रकरणांत तुमचे वकीलपत्र आहे आणि त्यांतून तुम्ही केव्हा बाहेर पडणार?

– काही वकील, अमळनेर