फुलसमचा घोटाळा

प्रिय नंदू,

सात-आठ महिन्यांत एक ओळ नाही, शिव्या घालशील, घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो कारण परवा जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आपली इंग्रजी शब्दांची निळी वही तुलाच माहीत.

साहेबांचा निरोपसमारंभ होता. इंग्रजीत बोलायचं माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, वहीतला एखादा झकास शब्द काढू. भर सभेत बोलून गेलो की तुमच्या 'फुलसम' कौतुकाने आम्हाला कायम बळ दिलं. साहेब हसले, पण अर्धेच. घरी येऊन कोश उघडला तर अर्थ काय, अतिरेकी, खोटं वाटावं असं, तोंडपुजं! निवृत्त होणाऱ्या माणसाला मी चारचौघांत तोंडपुजा ठरवला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. माफी मागावी, तर लक्षात आलं नसेल तेही आणून दिल्यासारखं. नाही मागावी, तर ते अर्धं हसू काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मग वही काढली. 'फुलसम – भरपूर'. अक्षर कुणाचं? तुझं! वाक्यात वापरल्याशिवाय शब्द वहीत चढवायचा नाही, हा नियमही तुझाच. तुझ्या बाजूने एवढंच म्हणतो की मध्ययुगीन इंग्रजीत तो 'भरपूर' याच अर्थाने होता, नंतर नासला. म्हणजे मी चुकलो नाही, जरा उशिरा जन्मलो.

तिथेच खाली पेट्रिकोर, कोरड्या मातीवर पाऊस पडला की येणारा वास. त्यावरून आठवडाभर अबोला धरला होतास. १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी ग्रीक तुकडे जोडून केलेला शब्द, मृद्गंधापुढे त्याची काय मातब्बरी, म्हणून. मला अजून पटलेलं नाही. दगड आणि देवांच्या नसांतलं रक्त, एवढं त्यात भरलंय रे!

आणि ॲप्रिसिटी, थंडीतल्या उन्हाची ऊब. १६२३च्या कोशात छापला गेला, पुढे जवळजवळ कुणी वापरलाच नाही. काल उन्हाला पाठ देऊन बसलो होतो, तेव्हा आपणहून आठवला. क्षणभर साहेब विसरलो.

लेकीचं बाळंतपण नीट झालं ना? घर लावून झालं? वहिनींना नमस्कार.

साहेबांना फोन करू की नको, तेवढं लगेच कळव. आणि उत्तरात माझं कौतुक करायचं झालं तर मराठीत कर.

तुझा,
विन्या