तीन 'कृष्ण', तिघे वेगळे

महोदय,

विश्वाच्या प्रसरणावरचा आपल्या विज्ञान पानावरील लेख आवडीने वाचला. पण पहिल्या परिच्छेदातले कृष्णद्रव्य तिसऱ्या परिच्छेदात कृष्णऊर्जा झाले आणि शेवटी त्यात कृष्णविवरही येऊन मिसळले. दोष एकट्या लेखकाचा नाही. इंग्रजीत 'ब्लॅक होल'मधले 'ब्लॅक' आणि 'डार्क मॅटर', 'डार्क एनर्जी'मधले 'डार्क' वेगळे राहतात. आपण दोन्हींचे 'कृष्ण' करून टाकले आणि आडनाव एक म्हणून तीन अनोळखी माणसे भाऊ ठरली.

कृष्णद्रव्य ओढते, त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, विखुरत नाहीत. कृष्णऊर्जेचे काम नेमके उलटे, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवण्याचे. विश्वाच्या एकूण ऐवजात कृष्णद्रव्याचा वाटा साधारण २७ टक्के, या ऊर्जेचा ६८. तारे, ग्रह, वायूचे ढग आणि आपण, सगळे उरलेल्या ५ टक्क्यांत.

'१९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी कृष्णऊर्जा शोधली' हे वाक्यही खटकले. शोधली कसली? हाती लागली ती हिशेबातली तफावत. आकाशाच्या एकाच तुकड्याची छायाचित्रे काही आठवड्यांच्या अंतराने घ्यायची, दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. एखादा ठिपका उरलाच, तर मधल्या दिवसांत तिथे तारा फुटलेला दिसला असण्याची शक्यता. त्यांपैकी 'वन-ए' प्रकारच्या स्फोटांचे मूळ तेज बऱ्यापैकी ठरलेले असते, म्हणून ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येते. सोल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा गट, दोघेही प्रसरण किती मंदावते आहे हेच मोजायला निघाले होते. ठिपके अपेक्षेहून फिकट निघाले. म्हणजे तारे अधिक दूर, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतो आहे! २०११ चे नोबेल या मोजणीसाठी मिळाले. ही ऊर्जा मुळात आहे काय, हे कोडे आजही तसेच आहे.

ती 'कायम तेवढीच राहते' असेही आता छातीठोकपणे लिहू नये. दूरदूरच्या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या, ॲरिझोनातील 'डेसी' प्रकल्पाच्या मार्च २०२५ च्या निष्कर्षांत ती काळानुसार क्षीण होत असल्याचे संकेत आहेत. शोध म्हणून जाहीर करण्याइतकी खात्री मात्र त्यांत नाही.

आणि कृष्णद्रव्य काळेही नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. कृष्णविवर हा शब्द रुळला आहे, तो राहू द्या. बाकी दोघांसाठी सरळ 'डार्क मॅटर' आणि 'डार्क एनर्जी' छापावे. भाषाप्रेमी रागावतील, पण घोळ तरी टळेल. दुरुस्तीची चौकट पुढच्या विज्ञान पानावर द्यावी, ही विनंती.

— एक नियमित वाचक