फोटो काढणारे पुष्कळ, सांभाळणारे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या स्टुडिओत चौकशा सुरू होतात. गेल्या आठवड्यात तासगावकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची ऑर्डर ठरवायला आले. मोबाइलवर पाच जणांचे दर होते. सगळ्यात खालचा माझ्या निम्म्याहून कमी. "एवढ्यात बसवता येतंय का बघा," म्हणाले. मला बसवता येणार नव्हतं, तसं सांगितलं. ते गेल्यावर वाटलं, हे लिहायला हवं. आमच्या धंद्यातल्या मुलांनी वाचावं आणि लग्नघरांनीही.

मी या कामात आलो तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. अक्षता पडताना एक फ्रेम हुकली तर रात्री झोप लागायची नाही. आता लग्नातला प्रत्येक पाहुणा खिशात कॅमेरा घेऊन येतो आणि हप्त्यावर कॅमेरा घेतलेला मुलगा पहिल्याच लगीनसराईत ऑर्डरी धरतो. त्या मुलांवर माझा राग नाही. कित्येकांची नजर माझ्याहून ताजी आहे. पण दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, एडिटिंग, अल्बमची छपाई, गाडीभाडं हे वजा केलं की पडत्या दरात कॅमेऱ्याचा हप्तासुद्धा सुटत नाही. मग काटकसर होते, आणि ती गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशाच जागी होते. एका ओळखीच्या घरातले हळदीचे सगळे फोटो लॅपटॉप बिघडला म्हणून गेले. दुसरी प्रतच नव्हती. त्या नवरीच्या आईला काय सांगायचं? किमान दर ठरवून हे थांबेल असं काही मित्र म्हणतात. मला नाही वाटत. ठरलेला दर पहिल्या मोकळ्या मुहूर्तापर्यंत टिकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर लोक माझ्याकडे भिजलेले अल्बम घेऊन यायला लागले. गावभागातल्या एक आजी त्यांचा अल्बम पोत्यात गुंडाळून घेऊन आल्या. फोटो एकमेकांना चिकटलेले. ओढला की इकडचा चेहरा तिकडच्या फोटोवर जायचा. जुन्या फोटोचे रंग जिलेटिनच्या थरात असतात. तो थर पाण्याने फुगतो आणि तसाच वाळला तर कायमचा चिकटतो. म्हणून आम्ही घमेल्यात स्वच्छ गार पाणी घेऊन त्यात फोटो सुटतील तसे सोडवले आणि दोरीला चिमट्यांनी लावून वाळवले. तरी निम्मे गेलेच. मात्र आमच्या माळ्यावर तारखा घातलेली निगेटिव्हची पाकिटं कोरडी होती. त्यात त्यांच्या मुलाच्या लग्नाचं पाकीट सापडलं. एका फोटोत त्यांचे यजमान मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात त्यांचा दुसरा धड फोटो उरला नव्हता. नवी प्रिंट हातात दिल्यावर आजींनी ती पदराने पुसली. कोरडी होती, तरी पुसली.

त्या महिन्यापासून मी ऑर्डर घेताना एक कागद देतो. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातल्या दोन कार्डांवर एकाच वेळी उतरणार, त्याच रात्री दोन डिस्कवर प्रती होणार, त्यातली एक डिस्क पुराचं पाणी पोचत नाही अशा दुसऱ्या घरी राहणार, अल्बम कोणत्या तारखेला मिळणार, फोटो आम्ही किती वर्षं ठेवणार, हे सगळं त्यावर असतं. या कागदापायी, म्हणजे त्यामागच्या खर्चापायी, काही ऑर्डरी हातच्या गेल्या. पण ज्या घरांनी तो वाचला, त्यांची डोहाळजेवणं आणि बारशी पुढे माझ्याकडेच आली.

दुसरी वाट मला बेदाण्याने दाखवली. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला माल देशभर जातो. एका व्यापाऱ्याने मोबाइलवर काढलेले फोटो परराज्यात पाठवले आणि माल पोचल्यावर भांडण झालं, कारण मोबाइलने हिरवा रंग स्वतःच गडद केला होता. बेदाण्याचा भाव रंगावर ठरतो. मी रंग जुळवायला मालाशेजारी राखाडी कार्ड ठेवतो, दिवा एकच वापरतो आणि रंग डोळ्यांना दिसतो तसाच आणतो. हे काम लग्नासारखं झगमगीत नाही, पण वर्षभर चालतं आणि त्यात दर पाडणारं फारसं कुणी नाही. हळदीचे व्यापारी आहेत, सराफ आहेत, नाटकवाले आहेत. तरुण मुलांनी तिकडे जावं, असं मी मनापासून सांगतो.

आता एक विनंती आपल्याला. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याची मालकी सहसा गिऱ्हाइकाकडे जाते. पण तो फोटो आपण काढला, हे सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. माझा पुराचा एक फोटो एका ठिकाणी विनानाव छापून आला होता. तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं. व्हॉट्सअॅपवरून आलेला पुराचा, विसर्जनाचा किंवा नाटकाचा फोटो छापण्याआधी तो कुणाचा हे विचारून घ्यावं आणि खाली नाव द्यावं. नवख्या मुलाला पुढची ऑर्डर त्या नावावर मिळते.

आपला,
एक स्टुडिओचालक, सांगली